आपणच धनी, आपणच चाकर

'चालढकल' हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात इतका रुळलेला आहे की, त्याचा अर्थ विचारल्यास बहुतेक लोक "आळस" असे उत्तर देतील. आमच्या मते हे उत्तर बरोबर नाही. आणि ह्या दुर्गुणावर आजवर पुष्कळ उपदेश होऊनही त्याचा गुण थोडा आला, ह्याचे कारण हे चुकीचे उत्तरच होय. आळशी मनुष्य काम करीत नाही, व त्याबद्दल त्याला विशेष काही वाटतही नाही. चालढकल करणारा तसा नसतो. त्याला काम करावयाचे असते. ते न केल्यास नुकसान होईल हे तो जाणतो. इतकेच नव्हे, तर जे काम करावयाचे त्याच्या भोवतालची दहा कामे तो मोठ्या उत्साहाने उरकतो. गिऱ्हाइकाचे कापड बेतावयाचे असते त्या दिवशी शिंपी यंत्राला तेल घालतो, रिळे रंगवार लावतो, कात्रीला धार लावून आणतो, आणि दिवस मावळतो. ह्याला आळशी कोण म्हणेल? तो दिवसभर राबलाच आहे.

संस्कृतात ह्या मनुष्याला 'दीर्घसूत्री', म्हणजे लांबच लांब सूत ओढणारा, असे नाव आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत आळशी हा शब्द निराळा आहे व दीर्घसूत्री हा निराळा आहे. आणि त्या दोहोंच्या मध्ये 'विषादी', म्हणजे खिन्न मनाचा, हा शब्द आलेला आहे. ही जागा वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे, तीही पुष्कळांस ठाऊक असेल. कोळी तळ्याचे पाणी काढू लागले तेव्हा पहिला मासा वेळीच वाहत्या पाण्याने निघून गेला, दुसरा ऐनवेळी युक्ती करून सुटला, आणि तिसरा मेला. पंचतंत्रात ह्या तिसऱ्या माशाचे नाव 'यद्भविष्य', म्हणजे होणार ते होईल म्हणणारा, असे आहे; परंतु महाभारतात त्याचे नाव 'दीर्घसूत्र' असेच आहे. आम्हास हे दुसरे नाव अधिक खरे वाटते. दैवावर हवाला ठेवणारी माणसे जगात थोडी. "बघू, करू, अजून वेळ आहे" असे म्हणणारी फार.

आता हा विषय आम्ही नव्या मुंबईच्या संबंधाने का घेतला, असे खेड्यांतील आमचे वाचक विचारतील. कारण हे की, आपल्या खेड्यांतून निघालेले पुष्कळ पुत्र व कन्या आज वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, नेरूळ व पनवेल ह्या बाजूस संसार थाटून आहेत. आणि त्यांतील कित्येकांस नोकरी नाही. कोणी रिक्षा चालवितो, कोणी घरी शिवणयंत्र मांडिले आहे, कोणी डबे पोहोचविते, कोणी मुलांच्या शिकवण्या घेते, कोणी घरात बसून संगणकावर दूरदेशीच्या कंपन्यांचे हिशेब लिहितो. ही सर्व माणसे आपणच आपली धनी व आपणच आपली चाकर आहेत. आणि बहुतेकांच्या पदरी लेकरे आहेत. सणाला ती गावी येतात तेव्हा शेतावरील माणसे त्यांना म्हणतात, "तुमचे बरे आहे, कोणी बोलणारे नाही." ज्याला कोणी बोलणारे नाही त्याचे खरोखर बरे असते की काय, हाच आजचा प्रश्न आहे.

त्या भूमीचा थोडा इतिहास येथे सांगितला पाहिजे. १९७० साली सिडको मंडळ स्थापन झाले, आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तीन तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहराकरिता घेण्याचे ठरले. तोवर ह्या गावांत आगरी, कोळी इत्यादी लोक भात, मीठ आणि मासळी ह्यांवर जगत असत. नोकरी तेथेही थोड्यांनाच होती. तथापि त्यांच्या कामाला एक मुकादम होता, आणि तो म्हणजे समुद्र. खाडीची भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते; होडी काढावयाची तर त्या वेळेला काढली पाहिजे, मागाहून काढून भागत नाही. मीठ पिकवावयाचे तर पाऊस सरल्यावर आगर सिद्ध केले पाहिजे, आणि जूनच्या पहिल्या सरीपूर्वी मीठ काढून झाकले पाहिजे. आणि खारजमिनीत भात करावयाचे तर बांध राखला पाहिजे. ह्या बांधाविषयी ज्यांस ठाऊक नाही त्यांच्याकरिता दोन शब्द लिहितो. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध घालतात, व त्याला 'उघाडी' म्हणून दार ठेवतात. ओहोटी लागली म्हणजे शेतातले पावसाचे जास्त पाणी त्या दारातून बाहेर पडते. भरती आली म्हणजे दार मिटते. बांधाला खेकड्याने भोक पाडले तर ते त्याच दिवशी बुजविले पाहिजे. "अमावास्या झाल्यावर बघू" असे जो म्हणेल त्याचे शेत त्या अमावास्येच्या उधाणातच खारट होईल, आणि ते पुन्हा गोड होईपर्यंत कित्येक पावसाळे जातील. अशा ठिकाणी चालढकलीला जागाच थोडी. मनुष्य तेथे स्वभावाने अधिक दक्ष होता असे आम्ही म्हणत नाही. त्या गावांतही सावकाराचा हिशेब तपासण्याचे काम लोक वर्षानुवर्षे पुढे ढकलीत असत, व त्याचे फळ भोगीत असत. परंतु रोजच्या कामाची वेळ त्यांना स्वतः ठरवावी लागत नसे.

ती जमीन गेली. मोबदल्याकरिता व हक्काकरिता दि. बा. पाटील ह्यांच्या पुढारपणाखाली लढा झाला. १९८४ च्या जानेवारी महिन्यात जासई भागात गोळीबार होऊन पाच माणसे प्राणास मुकली. आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना लागू झाली. तो सर्व इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे, व त्यात अन्याय कोणाकडे किती हे सांगण्याची ही जागा नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांचा काळ समुद्र मोजून देत असे त्यांच्या हाती एके दिवशी पैसा आणि मोकळा दिवस असे दोन्ही आले. आणि पुष्कळ घरांत पैशापेक्षा तो मोकळा दिवस सांभाळणेच अधिक कठीण गेले. १९९२ साली वाशीपर्यंत आगगाडी आली, आणि बाहेरून आलेली लक्षावधी माणसेही ह्याच स्थितीत येऊन पडली. कारखान्याचा भोंगा ज्याला बोलावतो तो एका अर्थी सुखी. ज्याचा भोंगा त्यालाच वाजवावयाचा असतो त्याचे हाल तोच जाणे.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच शहरात तुर्भ्याला घाऊक शेतमालाचा मोठा बाजार आहे. रात्री भाजीच्या गाड्या लागतात, आणि उजाडल्यावर थोड्याच वेळात बहुतेक माल विकून जातो. कोथिंबीर उद्यापर्यंत थांबत नाही हे तेथील पोराटोरांसही कळते. म्हणून त्या आवारात चालढकल करणारा व्यापारी टिकत नाही. परंतु तोच व्यापारी घरी आल्यावर मुलीच्या शाळेचा अर्ज, डोळ्यांची तपासणी, भावाशी राहिलेला वाटणीचा बोलणे-व्यवहार, ही कामे वर्षभर पडू देतो. ह्यावरून दिसते की, चालढकल हा माणसाच्या हाडात भिनलेला रोग नव्हे. जो माल डोळ्यांदेखत सडतो त्याच्या बाबतीत आपण सर्वच तत्पर असतो. जो माल न दिसता सडतो, त्याच्या बाबतीत मात्र आपण दीर्घसूत्री होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मनुष्य स्वतःचा ऋणी असू शकतो काय? "उद्या पहाटे उठून मी हिशेब लिहीन" असे मी मनाशी म्हटले, आणि उठलो नाही. तर मी वचन मोडिले काय, आणि मोडिले असल्यास कोणाचे? हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६५१ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, जो बांधू शकतो तो सोडूही शकतो. म्हणून जो केवळ स्वतःशीच बांधलेला आहे तो वस्तुतः बांधलेलाच नाही. तो राजांविषयी बोलत होता. पण त्याचे म्हणणे घरी बसून काम करणाऱ्या शिंप्यालाही अक्षरशः लागू पडते. सावकाराचे कर्ज सावकारानेच माफ केले पाहिजे. ऋणको आपल्या तोंडाने ते माफ करू शकत नाही. परंतु येथे सावकार आणि ऋणको एकच. चाकर म्हणतो, "धनी, आज अंग मोडून आले आहे". आणि धनी इतका दयाळू की तो ताबडतोब रजा देतो. पुढे महिनाअखेर आली म्हणजे तोच धनी इतका निष्ठुर होतो की, चाकराला रात्री दोन वाजेपर्यंत निजू देत नाही. जगात असा वाईट धनी कोणाच्याही वाट्याला आला नसेल, आणि असा चुकार चाकरही कोणा धन्याला मिळाला नसेल.

ह्या कोड्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा आपल्या आयाबहिणींनी अधिक चांगले दिलेले आहे, असे आमचे मत आहे. ते उत्तर म्हणजे भिशी. एका चाळीतल्या दहा बायका दरमहा प्रत्येकी १००० रुपये जमवितात, चिठ्ठी काढतात, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे १०,००० रुपये मिळतात. दहा महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. ह्यात व्याज एका पैचेही नाही. आता हीच बाई टपालकचेरीत भविष्यनिधीचे खाते उघडून बसलेली असते. तेथे व्याज आहे, सरकारची हमी आहे. पण त्या खात्यात पैसे भरण्याचे ती महिनोन् महिने विसरते, आणि भिशीचा दिवस मात्र एकदाही चुकत नाही. असे का? कारण टपालकचेरीचे वचन तिने स्वतःला दिलेले आहे, आणि भिशीचे वचन शेजारणीला. शेजारणीला दिलेले वचन आपल्या आपण माफ करता येत नाही. (भिशीत लबाडीही होते व माणसे बुडतात, हे आम्हास ठाऊक आहे, अनोळखी माणसाच्या भिशीत कोणी पैसे घालू नयेत. येथे आम्ही केवळ तिच्यातील बळाविषयी बोलत आहो.)

भविष्यनिधीचा उल्लेख आलाच आहे तर त्याचा एक नियम सांगून ठेवितो, कारण पुष्कळांना तो ठाऊक नसतो. महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरतात. म्हणून जो ५ तारखेपर्यंत भरतो त्याला त्या महिन्याचे व्याज मिळते, आणि जो ६ तारखेला भरतो त्याला मिळत नाही. सालिना ७.१ टक्के दर धरला, तर दरमहा १००० रुपये भरणाऱ्याचे ह्या एका दिवसाच्या उशिराने वर्षाला सुमारे ७१ रुपये जातात. ही रक्कम मोठी नव्हे, आणि ती मोठी आहे असे सांगून आम्ही कोणास भिवविणार नाही. खरे नुकसान निराळे आहे. ज्याची ५ तारीख चुकली तो म्हणतो, "आता ह्या महिन्याचे गेलेच, पुढल्या महिन्यात दोन्ही भरू." पुढल्या महिन्यात दोन हजार भरावयाचे म्हणजे काम दुप्पट जड झाले, म्हणून ते आणखी टळते. एका दिवसाची चुकी अशा रीतीने वर्षाची होते.

परंतु पैशाचे नुकसान भरून निघते. ज्या घरी लेकरे आहेत तेथे निराळेच ऋण उत्पन्न होते, आणि ते समजण्यास एक उदाहरण पुरे. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, व त्याप्रमाणे खाजगी शाळांत प्रवेशाच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांकरिता राखावयाच्या असतात. महाराष्ट्रात ज्या पालकांना उत्पन्नाच्या आधारावर ही जागा मागावयाची असते, त्यांना वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. नोकरीवाल्याला पगाराचा कागद मिळतो. रिक्षावाल्याला, शिवणकाम करणारणीला, तो कागद कोण देणार? त्यांना तहसील कचेरीच्या दाखल्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याला कागदपत्रे जोडावी लागतात, आणि त्या वेळी धंद्याचा एक दिवस बुडतो. म्हणून तो अर्ज आज उद्यावर जातो. शाळाप्रवेशाची मुदत मात्र जाहीर होते आणि सरते, सोडत निघते, आणि ज्या मुलाचे नाव सोडतीत असावयाचे ते त्या यादीतच नसते. तहान लागल्यावर विहीर खणणारा निदान स्वतः तहानलेला असतो. येथे विहीर न खणणारा एक, आणि तहानलेला दुसराच.

हॉब्जच्या कोड्याचा शेवट येथे होतो असे आम्हास वाटते. आईबाप झालेला मनुष्य केवळ स्वतःशी बांधलेला उरत नाही. त्याच्या प्रत्येक कामाच्या दुसऱ्या टोकाला एक सावकार उभा आहे, ज्याने कर्जरोखा लिहून घेतलेला नाही, ज्याला मुदत ठाऊक नाही, आणि जो माफी देण्याच्या वयाचा नाही. पाच वर्षांचे मूल "बाबा, राहू द्या" असे जरी म्हणाले, तरी त्या म्हणण्याने ऋण फिटत नाही. कारण आपण काय सोडून देत आहो हे त्याला कळतच नाही.

तथापि येथे आम्हास अन्याय होऊ द्यावयाचा नाही. मूल तापाने फणफणले आहे म्हणून आईने यंत्र बंद ठेविले, ह्याला चालढकल म्हणू नये. पीअर्स स्टील नावाच्या अभ्यासकाने २००७ साली ह्या विषयावरील शेकडो शोधांचा एकत्र विचार करून जी व्याख्या मांडली, तिचा सारांश असा: जे करण्याचे आपण ठरविले, ते लांबविल्याने आपलेच वाईट होईल असे जाणत असूनही जो आपखुषीने लांबवितो, तोच चालढकल करणारा. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई काही आपखुषीने काम लांबवीत नाही, आणि त्यात तिचे वाईटही होत नाही. तिने दोन कामांत मोठे काम निवडले आहे. आणि ह्या बाबतीत पुरुषांना एक मापाने व स्त्रियांना दुसऱ्या मापाने मोजले पाहिजे. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची जी पाहणी केली तीत असे आढळले की, बिनमोल घरकामात ज्या स्त्रिया भाग घेतात त्या त्यास दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि जे पुरुष भाग घेतात ते ९७ मिनिटे. शिवाय असा भाग घेणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे ८१ होत्या, तर पुरुष अवघे २६. म्हणजे घरी बसून धंदा करणाऱ्या बाईने जर म्हटले की, "वेळ मिळाला नाही", तर ती बहुधा खरे बोलत असते. तेच वाक्य पुरुषाच्या तोंडून निघाले तर पाच तासांचा हिशेब त्याला विचारण्यास हरकत नाही. कित्येक घरांत तर बाईची चालढकल दूर करण्याचा उपाय तिच्या नवऱ्याच्या हाती असतो. त्याने भांडी घासावी, म्हणजे तिची ऑर्डर वेळेवर जाईल. ह्यावर एकादे प्रवचन आमच्या मंडळ्यांतून झाल्यास बरे होईल, पण प्रवचनकार बहुतेक पुरुषच असल्यामुळे ते काम लांबणीवर पडत आले आहे.

आता ह्या रोगाचे मूळ. वर आम्ही म्हटले की, गीतेत दीर्घसूत्री ह्या शब्दाच्या शेजारी खिन्न हा शब्द आहे. इकडे मिसर देशाच्या अरण्यात चवथ्या शतकात एवाग्रिउस नावाचा एक संन्यासी होऊन गेला. त्याने दुपारच्या भुताविषयी लिहिले आहे. हे भूत आले म्हणजे सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, कोठडीतील मनुष्य वारंवार खिडकीबाहेर पाहतो, हातातल्या कामाचा त्याला वीट येतो, आणि दुसऱ्या एकाद्या ठिकाणी आपले काम किती चांगले झाले असते असे त्याच्या मनात येऊ लागते. घरी एकटे काम करणाऱ्या कोणालाही हे भूत ओळखू येईल. आता ते खिडकीऐवजी हातातल्या दूरध्वनीतून येते, एवढाच फरक. आणि २०१३ साली सिरॉय व पिचिल ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा दोष नसून मनाला तेवढ्यापुरते बरे वाटावे म्हणून केलेली पळवाट आहे. तीन निरनिराळ्या काळांतील, निरनिराळ्या धर्माच्या व विद्येच्या लोकांनी एकाच ठिकाणी बोट ठेविले आहे. आपण कामाला टाळीत नाही. त्या कामापाशी जे वाईट वाटते त्याला टाळतो.

आपल्या धंदेवाल्या बंधुभगिनींकडे पाहिले म्हणजे हे पटते. ते कोणते काम सर्वांत अधिक लांबवितात? शिवणे नव्हे, स्वयंपाक नव्हे, गाडी चालविणे नव्हे. ते लांबवितात उधारी मागणे. ज्या गिऱ्हाइकाने तीन महिन्यांचे डब्याचे पैसे दिले नाहीत त्याच्या दारी जाऊन उभे राहणे, ह्यासारखे जिवावर येणारे काम दुसरे नाही. कारण तो काय म्हणेल, तोंड वाकडे करील काय, उद्यापासून डबा बंद करील काय, ही भीती. म्हणून मागणे राहते, आणि मागणे राहिले म्हणून मुलाची फी राहते, आणि फी राहिली म्हणून शाळेच्या शिक्षिकेला तोंड दाखविणे राहते. दुसरे काम हिशेब लिहिण्याचे. वही उघडली तर कमाई किती थोडी झाली ते कळेल, म्हणून वही उघडत नाहीत. ह्या माणसाला "अरे आळशा" म्हणून उपयोग काय? तो आधीच लाजेने अर्धा झालेला आहे. आणखी लाजविल्याने तो वहीपासून आणखी दूर पळेल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधात असे आढळले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास लांबविल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली त्यांनी पुढल्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. आमच्या काही वाचकांस हे उलटे वाटेल. परंतु पश्चात्ताप आणि लाजेने कुढणे ह्यांतील भेद ज्यांस शिकविला गेला आहे त्यांस ह्यात नवल वाटू नये.

उपायांविषयी फार लिहीत नाही, कारण उपायांची यादी वाचून समाधान पावणे हीही एक चालढकलच आहे. जे उपाय परीक्षेला उतरले आहेत त्यांतील एक असा की, "करीन" एवढे न म्हणता केव्हा, कोठे व कशाच्या पाठोपाठ करीन हे ठरवावे. पीटर गोलवित्सर ह्या जर्मन पंडिताने १९९९ साली ह्याचे विवेचन केले. "उधारी वसूल करीन" हा संकल्प विरून जातो. "धाकट्याला शाळेत सोडून परत येताना, भाजी घेण्यापूर्वी, पहिल्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाची घंटा वाजवीन" हा टिकतो. खारजमिनीच्या माणसाला भरती जे काम देई ते काम येथे शाळेची वेळ देऊ शकते. शहरातल्या आईबापांच्या दिवसात आपोआप येणारी आणि कोणासाठी न थांबणारी वेळ ती एवढीच उरली आहे. तिला जी कामे बांधाल ती तरतील. दुसरे, मुदत दुसऱ्याच्या हाती द्यावी. २००२ साली एरिअली व वर्टेनब्रोख ह्यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून पाहिले की, स्वतः घातलेली मुदत मुळीच मुदत नसण्यापेक्षा बरी. परंतु दुसऱ्याने सारख्या अंतराने घालून दिलेली मुदत तिच्याहूनही बरी. भिशीतल्या बायकांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. मग त्याच बायकांनी भिशीच्या दिवशी पैशांबरोबर प्रत्येकीच्या एका राहिलेल्या कामाची चौकशी का करू नये? "तुझ्या दाखल्याचा अर्ज गेला का गं?" एवढा एक प्रश्न महिन्यातून एकदा विचारणारी शेजारीण असली तर पुष्कळ मुलांची नावे यादीत येतील. खेड्यांतील आमच्या उपदेशक बंधूंनीही भेटीस जाताना हा प्रश्न विचारावा. तो काही ऐहिक म्हणून हलका नाही.

एका गोष्टीविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, आणि ती म्हणजे संध्याकाळ. ज्याचे दुकान घरात, त्याचे दुकान कधी बंदच होत नाही. दिवसा जे काम केले नाही ते खाऱ्या पाण्यासारखे रात्रीच्या बाजूने शिरते. मूल कविता म्हणून दाखवीत असते, आणि बापाचे डोळे राहिलेल्या हिशेबावर असतात. तो ना हिशेब करतो, ना कविता ऐकतो. ह्यावर कोणी भिंत घालण्यास सांगतात: काम वेगळे, घर वेगळे. दीड खोलीच्या घरात भिंत कोठे घालणार? तेथे बांधाला असते तसे दार पाहिजे. दिवसा मुलाने मधूनमधून यावे, बटणांच्या डबीशी खेळावे, कापडाच्या चिंध्या मागाव्या. एवढे पाणी आत-बाहेर झाल्याने काही बिघडत नाही, उलट मुलाला आईबापांच्या श्रमाची ओळख होते. परंतु एक वेळ अशी असावी की तेव्हा दार मिटले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गिऱ्हाइकाची भरती कितीही चढली तरी आत येणार नाही.

येथे एका निराळ्या मनुष्याविषयी बोलणे प्राप्त आहे, ज्याला आजवर कोणी दीर्घसूत्री म्हटलेले नाही. तो कोणतेही काम लांबवीत नाही. गिऱ्हाइकाचा निरोप आला की जेवता जेवता उत्तर देतो, ताटावरून उठून माल पोहोचवितो, रविवारीही दुकान उघडतो. शेजारीपाजारी आपल्या मुलांस त्याचा कित्ता गिरविण्यास सांगतात. आमच्या मते चालढकल करणाऱ्यांत हाच पहिला. त्याने एकच काम लांबविले आहे, आणि ते त्याचे मूल होय. "ह्या हंगामानंतर गावी जाऊ", "दुकानाचे हप्ते फिटले की तुझ्याबरोबर बसेन", "सुट्टीत सायकल शिकवीन", असे तो म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. सात वर्षांच्या मुलाची सायकल शिकण्याची हौस पंधराव्या वर्षापर्यंत थांबत नाही. तोवर त्याला ती दुसऱ्या कोणीतरी शिकविलेली असते, किंवा तिची हौसच गेलेली असते. आणि हे सर्व तो लेकरांसाठीच करीत असतो, ही ह्यातील दुःखाची गोष्ट. तुर्भ्याच्या बाजारात कोथिंबीर पिवळी पडलेली सर्वांना दिसते. ह्याच्या घरात काय पिवळे पडले ते पुष्कळ वर्षे कोणालाच दिसत नाही, कारण मूल वाढत असते, हसत असते, आणि मागणे हळूहळू सोडून देत असते.

ह्यावर तो मनुष्य जे उत्तर देईल ते खोटे नाही, हेही सांगितले पाहिजे. शिंप्याचा हंगाम दिवाळी आणि लग्नसराई. फळवाल्याचा हंगाम आंब्याचा. आणि मुलांची सुट्टी नेमकी दिवाळीत आणि एप्रिल-मे महिन्यांत. ज्या चार आठवड्यांत वर्षाची कमाई व्हावयाची त्याच चार आठवड्यांत मूल मोकळे असते. त्याने काय करावे? यंत्र बंद ठेवावे असे सांगण्यास पगारी मनुष्याने धजू नये, आणि पाळकही एका अर्थी पगारी मनुष्यच आहे. आम्हास जे उचित दिसते ते असे: मुलाला "नंतर" हा शब्द देऊ नये, तारीख द्यावी. गिऱ्हाइकाला आपण तारीख देतो, वहीत लिहितो, आणि चुकली तर खाली मान घालतो. तशीच मुलाची तारीख त्याच वहीत, गिऱ्हाइकांच्या ओळीत, त्याच्या नावाने लिहावी: भाऊबीजेनंतरचा दुसरा शनिवार, बेलापूरचा किल्ला किंवा वाशीच्या खाडीचा काठ, आणि सोबत काय न्यावयाचे ते. लहान मुलाला वाचता येत नसेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याच्याच हाताने खूण करवावी. मग हंगामाचे चार आठवडे ते मूल फारसे कुरकुरत नाही, असे आमच्या पाहण्यात आहे. ते फक्त रोज सकाळी उठून त्या खुणेपर्यंतचे चौकोन मोजते, आणि त्या शनिवारी बाप उठण्यापूर्वीच चपला घालून दाराशी उभे असते.